पॉइंट टू-टू रायफल: पार्ट बदलण्याआधी काय तपासायचं

“रायफल आली. आता तिला काय काय लावून घेऊ?” बालेवाडीच्या ५० मीटर रेंजवर पालक मला हे हमखास विचारतात. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात) ऑलिंपिकचं ब्राँझ घेतलं, तेव्हापासून विचारणाऱ्यांत नव्या पालकांची भर पडली आहे. माझं उत्तर एकच असतं: आत्ता काही लावू नका, आधी मोजा.

माझी नोकरी सगळी पिंपरीच्या टूल रूममध्ये गेली. मुलगी नेमबाजीत शिरली आणि तिची रायफल बघता बघता तिच्याबरोबरच्या मुलामुलींच्याही रायफली माझ्या टेबलावर येऊ लागल्या. बहुतेक आन्शुट्झ या जर्मन कंपनीच्या, मॉडेल १९०३, १९०७ किंवा १९१३. मधूनच एखादी वाल्थर कंपनीची. सगळ्या कारखान्यातून आल्या तशाच. पुढे लिहितो आहे ते अशा बोल्ट ॲक्शन (दर शॉटला हातानं बोल्ट ओढायच्या) पॉइंट टू-टूसाठी, म्हणजे ०.२२ इंची रायफलीसाठी, ५० मीटरवर, पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची साइट) लावून.

काम कुठलंही असो, आधी बोल्ट बाहेर काढायचा, नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात. यात सवलत नाही, मूल कितीही मोठं झालं तरी. दुसरी गोष्ट कायद्याची. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा व्यवसाय आहे. नळी, चेंबर (गोळी बसते तो नळीचा मागचा भाग), बोल्ट, बेडिंग (रायफलीचा धातूचा भाग दस्त्यात नीट बसवणं) ही कामं परवानाधारक गनस्मिथकडेच द्यायची. घरी आपण करायचं ते साफसफाई, मॅन्युअलमध्ये दिलेलं ॲडजस्टमेंट आणि मापं घेणं. पण गनस्मिथकडे काय मागायचं हे आपल्याला कळलं पाहिजे, म्हणून खाली त्याच्याही कामाबद्दल लिहिलं आहे.

आता मोजायचं म्हणजे कशाशी मोजायचं? ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे भोकाचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. मध्यापासून मध्यापर्यंत १६ मिलिमीटरमध्ये मावणारा ग्रुप (एकाच नेमानं मारलेल्या भोकांचा पुंजका) बरोबर मधोमध बसला तर सगळे दहा. त्याच्या आत दर ०.८ मिलिमीटरला दशांश गुण वाढतो, तो थेट १०.९ पर्यंत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला प्रोनमध्ये (झोपून मारायच्या प्रकारात) जागतिक विजेतेपद घेतलं ते ६०० पैकी ५९७ गुणांनी. साठ शॉटमध्ये तीनच गुण गेले. त्या १६ मिलिमीटरमध्ये मुलाची नाडी, श्वास आणि वारा हे सगळं मावायचं असतं. म्हणून रायफल आणि गोळी यांचा मिळून दहा शॉटचा ग्रुप १३-१४ मिलिमीटरच्या आत यावा असा माझा आग्रह असतो. त्याहून कमी आला तर उत्तम.

दहा शॉटचा ग्रुप म्हणतो आहे, पाचचा नाही. पाच शॉटचा ग्रुप नेहमीच देखणा दिसतो, कारण शॉट कमी असले की पसारा कमी दिसतो. त्याच रायफलीनं, त्याच गोळ्यांनी पाच शॉटचा ग्रुप सरासरी १२ मिलिमीटर येत असेल तर दहाचा १५ च्या आसपास येईल. रायफलीत काहीच बिघडलेलं नसतं, गणितच तसं आहे. फोनवर पाच भोकांचा फोटो दाखवून कोणी रायफल विकत असेल तर दहा-दहाचे चार ग्रुप मागा. आन्शुट्झच्या नव्या रायफलीबरोबर कारखान्याचं टेस्ट टार्गेट येतं, तेही जपून ठेवा; सेकंडहँड घेताना ते मागून घ्या.

चाचणी पहाटे करायची, वारा उठायच्या आत. बाजूनं सेकंदाला एक मीटर वारा असला तर पॉइंट टू-टूची गोळी ५० मीटरवर पाच-सहा मिलिमीटर सरकते. ती झुळूक गालालाही धड जाणवत नाही, पण ग्रुपचा तिसरा हिस्सा एकटी खाऊन जाते. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, पुढची पिशवी दर वेळी स्टॉकच्या (दस्त्याच्या) एकाच जागी. तिथे पेन्सिलीनं बारीक खूण करा. मुलाला स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा) लावून झोपवून चाचणी घेऊ नका. आपल्याला आत्ता रायफलीची परीक्षा घ्यायची आहे, मुलाची नंतर.

आता सगळ्यात महत्त्वाचं: गोळ्यांचा लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेत भरलेल्या गोळ्या. नवी बॅरल, नवा ट्रिगर, नवा ॲल्युमिनियमचा स्टॉक यांच्याआधी पैसे इथे घाला. पॉइंट टू-टूची गोळी आपण घरी भरू शकत नाही, कारखान्यानं भरली तशीच घ्यावी लागते, आणि कंपनी तीच, नाव तेच, तरी एका लॉटची गोळी तुमच्या नळीत सुंदर चालते आणि दुसऱ्या लॉटची चालत नाही. बाजूच्या लेनवरच्या रायफलीत नेमकं उलटं. शिशाची मऊ गोळी, त्यावरचं मेण, केसच्या कडेत भरलेलं प्रायमर, दाण्यादाण्यानं पडलेली पावडर, यांतला बारीक फरक आणि तुमच्या चेंबरचा आकार यांचं जमतं की नाही हे मारून पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच एली आणि लापुआ या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची टेस्ट रेंज आहे. एलीची इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला, लापुआची जर्मनीत शोनेबेकला. मोठे नेमबाज रायफल घेऊन तिथे जातात आणि लॉट निवडून घेऊन येतात.

आपल्याला ते रेंजवरच करायचं आहे. चार वेगवेगळे लॉट, प्रत्येकाची निदान एक-एक पन्नासची डबी मिळवा. क्लबमधले चार पालक एकत्र आले तर खर्च वाटला जातो. एकमेकांच्या उरलेल्या डब्या बदलून घ्या, फक्त लॉट नंबर खोडू नका. लॉट बदलला की पहिले दहा शॉट मातीत मारायचे, मोजायचे नाहीत. आधीच्या गोळीचं मेण नळीत बसलेलं असतं, ते निघून नव्याचं बसायला तेवढे लागतात. मग दहा-दहाचे ग्रुप. पहिल्या दिवशी क, ख, ग, घ या क्रमानं, दुसऱ्या दिवशी घ, ग, ख, क. एकाच क्रमानं मारलं तर शेवटच्या लॉटच्या नशिबी नेहमी तापलेली हवा आणि उठलेला वारा येतो, आणि तो बिचारा विनाकारण नापास होतो.

कागदावर मापताना व्हर्नियरनं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मापा आणि एका भोकाचा व्यास वजा करा. भोक ५.६ पेक्षा थोडं लहान दिसतं, कारण गोळी गेल्यावर कागद पुन्हा आकसतो. म्हणून वेगळं पडलेलं एक भोक मापून तोच आकडा वापरा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटचे निर्देशांक उतरवून घ्या आणि ग्रुपच्या मध्यापासून सगळ्या शॉटच्या अंतरांची सरासरी काढा. कडेचे दोन शॉट सोडले तर बाकीचे आठ काय म्हणतात हे या सरासरीतूनच कळतं. निवड करताना सगळ्यात छोट्या ग्रुपवर भाळू नका. ज्या लॉटचा सगळ्यात वाईट ग्रुपही बरा आहे, तो घ्या. स्पर्धेत वाईट ग्रुप कधी येईल हे आपल्या हातात नसतं.

ग्रुप उभा पसरत असेल तर आधी वेगाचा विचार करा. मॅचची गोळी साधारण ३२५ मीटर प्रति सेकंदानं निघते, मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेली. ५० मीटरपर्यंत जाताना ती १२-१३ सेंटिमीटर खाली पडते आणि वेगात एक मीटरचा फरक पडला की टार्गेटवर पाऊण मिलिमीटर वर-खाली होतं. डबीतल्या गोळ्यांच्या वेगात आठ मीटरचा फरक असला तर सहा मिलिमीटर उभा पसारा नुसत्या गोळीनंच दिला. एलीच्या डबीवर लॉट नंबरबरोबर वेगही फूट प्रति सेकंदात छापलेला असतो. तो लिहून ठेवा, पण एक लक्षात घ्या: तो सरासरी वेग आहे, फरक किती ते त्यावरून कळत नाही. चांगल्या लॉटवरही उभा पसारा राहिला तर संशय बोल्टवर. आत जुनं ग्रीस घट्ट झालं असेल किंवा फायरिंग पिनची स्प्रिंग थकली असेल तर प्रायमरवर आघात सारखा पडत नाही. रिकाम्या केसच्या कडेवरची खूण भिंगाखाली बघा. एक खोल, एक उथळ दिसली की बोल्ट गनस्मिथकडे.

लॉट ठरला की स्क्रू. ॲक्शन (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो धातूचा भाग) स्टॉकला दोन स्क्रूंनी बांधलेली असते आणि त्या दोन स्क्रूंवर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. ॲलन की घेऊन मनगटाच्या अंदाजानं आवळणं बंद करा. टूल रूममध्ये चाळीस वर्षं काढलेला फिटरसुद्धा दोनदा सारखं आवळत नाही. छोटा टॉर्क रेंच घ्या, न्यूटन-मीटर दाखवणारा, दोन ते आठच्या रेंजमधला. हा एकच पार्ट मी प्रत्येक पालकाला पहिल्याच दिवशी घ्यायला लावतो.

रायफल बटावर उभी धरायची, म्हणजे ॲक्शन स्वतःच्या वजनानं मागे टेकते. पुढचा स्क्रू दोन न्यूटन-मीटर, मागचा दोन, मग पुढचा पूर्ण, मग मागचा पूर्ण. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याच्या वर जायचं नाही. अक्रोडाच्या स्टॉकवर मी साडेतीनपासून सुरू करतो आणि अर्ध्या-अर्ध्यानं पाचपर्यंत नेतो, प्रत्येक ठिकाणी दहाचे दोन ग्रुप. साधारणपणे एका पट्ट्यात ग्रुप आकसतो आणि दोन्ही बाजूंनी उघडतो. त्या पट्ट्याच्या मध्यावर थांबायचं. अगदी टोकाच्या आकड्यावर सगळ्यात छोटा ग्रुप मिळाला तरी तो आकडा ठेवू नका. हवा बदलली की तो पहिला हातातून जातो. पूर्ण ॲल्युमिनियमच्या चेसिसवर या चाचणीत फारसं हाती लागत नाही, तिथे कंपनीचा आकडा लावा आणि पुढे चला.

स्क्रू फिरवूनही ग्रुपला पट्टा सापडतच नसेल तर ॲक्शन स्टॉकमध्ये नीट बसलेली नाही. हे घरी पाहता येतं. मॅग्नेटिक बेसवर डायल (बारीक हालचाल मिलिमीटरच्या शतांशात दाखवणारा गेज) लावायचा, बेस नळीवर आणि डायलची सुई स्टॉकच्या पुढच्या टोकावर. डायल शून्यावर आणायचा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायचा. काटा जागचा हलला नाही पाहिजे. ०.०५ मिलिमीटरपर्यंत मी सोडून देतो. गेल्या पावसाळ्याआधी क्लबमधल्या एका मुलीची सेकंडहँड १९०७ टेबलावर होती. दिसायला नवी कोरी, ट्रिगर मऊ, नळी आरशासारखी, आणि ग्रुप मात्र दर खेपेला डावीकडे खाली एक-दोन शॉट टाकणारा. मुलीला वाटत होतं तिचंच बोट चुकतंय. पुढचा स्क्रू अर्धा आटा सैल केला तशी डायलची सुई ०.१५ वर गेली. आवळला की परत शून्यावर. म्हणजे दर वेळी स्क्रू आवळताना ॲक्शन वाकत होती आणि गोळी सुटल्यावर मन मानेल तशी सुटत होती. ॲक्शन बाहेर काढून पाहिली तर मागच्या बाजूला लाकडावर एकाच ठिकाणी चकाकी आलेली, बाकी पृष्ठभाग कोरडा. सगळा भार त्या नखाएवढ्या जागेवर होता. मुलीला सुई हलताना दाखवली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरला, आणि माझ्या दृष्टीनं त्या कामाचा निम्मा फायदा तोच होता.

याला उपाय बेडिंग. गनस्मिथ स्क्रूच्या भोकांत ॲल्युमिनियमचे पिलर बसवतो, म्हणजे स्क्रू लाकूड दाबत नाही, धातूवर धातू बसतो. मग ॲक्शनखालचं थोडं लाकूड काढून तिथे इपॉक्सी भरतो आणि ॲक्शनला रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप) लावून तीच त्यात बसवतो. त्याला तीन गोष्टी नक्की सांगा. इपॉक्सी सुकत असताना स्क्रू आवळलेले नकोत, नाहीतर तोच वाक कायमचा ओतला जाईल. नळी चॅनलच्या मधोमध राहील असे टेपचे थर पुढे लावलेले हवेत. आणि काम झाल्यावर डायल लावून दाखवायला सांगा. चांगला कारागीर आनंदानं दाखवतो. डायल स्वच्छ असेल तर मात्र बेडिंगच्या नादी लागू नका. कुणाच्या तरी रायफलीला केलं म्हणून आपल्या चांगल्या बसलेल्या ॲक्शनखालचं लाकूड कोरायचं काही कारण नाही. नळी मोकळी आहे का तेही याच वेळी पाहा: पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद नळी आणि स्टॉक यांच्यामधून ॲक्शनपर्यंत विनाअडथळा गेला पाहिजे.

साफसफाईबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात, रोज करा आणि कधीच करू नका. पॉइंट टू-टूच्या नळीचं खरं दुखणं चेंबरच्या पुढे लगेच साचणारं कार्बनचं कडं. ते मेणासारखं निघत नाही, दगडासारखं चिकटतं, आणि गोळी नळीत शिरतानाच ओरबाडली जाते. सरावाच्या दिवशी शेवटी बोअर गाइड (रॉड नळीत सरळ नेणारी नळकांडी) घालून बोल्टच्या बाजूनं दोन-तीन फेल्ट किंवा पॅच ओढले तरी पुरे. काही शे गोळ्यांनंतर त्या कड्यावर कार्बन सॉल्व्हंट लावून थोडा वेळ भिजू द्या आणि ब्राँझचा ब्रश फक्त तेवढ्या भागात फिरवा. रॉड पुढून, नळीच्या तोंडातून कधीही घालायचा नाही. गोळीला शेवटचा स्पर्श नळीच्या तोंडाचा असतो आणि तिथली कड एका बाजूनं झिजली की कितीही लॉट बदला. ती कड तपासायला कान साफ करायची कापसाची काडी घ्या, आतून बाहेर हलक्या हातानं गोल फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे बारीक बर (धातूची खरखरीत कड) आहे. नवं क्राउन (नळीच्या तोंडाची कड) करून घ्यावं लागेल. सफाईनंतरचे पहिले दहाएक शॉट कुठेही जातील, त्यावरून साइट फिरवू नका. मॅचच्या आदल्या दिवशी खोल सफाई नको.

ट्रिगरबद्दल थोडक्यात. कारखान्याचा टू-स्टेज (दोन टप्प्यांत ओढला जाणारा) ट्रिगर ५० मीटरला पुरेसा चांगला असतो. वजनापेक्षा दुसरा टप्पा कुठे सुरू होतो हे बोटाला दर वेळी सारखं कळणं महत्त्वाचं. मॅन्युअलप्रमाणे सेट करा आणि मग रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोरात बंद करून, बट रबरी मॅटवर आपटून पाहा. एकदाही आपोआप सुटला तर वजन वाढवा. अठरा वर्षांखालच्या मुलाला पन्नास ग्रॅमचा ट्रिगर देण्याच्या मी ठाम विरोधात आहे.

साइटचीही एक परीक्षा घ्या. डावीकडे वीस क्लिक, वर वीस, उजवीकडे वीस, खाली वीस, प्रत्येक कोपऱ्यावर तीन शॉट. चौकोन पूर्ण होऊन शेवटचे शॉट पहिल्यांवर पडले पाहिजेत. बाजू मापून वीसनं भागली की तुमच्या रायफलीवर एक क्लिक किती मिलिमीटर ते कळतं. मागच्या आणि पुढच्या साइटमधलं अंतर बदललं की हा आकडाही बदलतो, म्हणून एक्स्टेन्शन ट्यूब (पुढची साइट लांब नेण्यासाठी नळीच्या तोंडाला लावायची नळी) लावली तर पुन्हा मापा. ट्यूब घ्यायची तर छिद्रं नसलेलीच. मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर (धक्का कमी करायला नळीच्या तोंडाला लावतात ते) स्पर्धेत चालत नाहीत.

एवढं झाल्यावर स्टॉकची वेळ येते, आणि मुलाचे गुण सगळ्यात जास्त इथेच वाढतात. गालाचा तुकडा इतका उंच हवा की डोळे मिटून गाल टेकवला, मान सैल सोडली आणि डोळे उघडले की पीपमध्ये पुढचं वर्तुळ मधोमध दिसेल. मान ताठ करून बघावं लागत असेल तर तिसाव्या शॉटनंतर गाल घसरणारच. बटप्लेट खांद्यात बसते, कॉलरबोनवर नाही. हँडस्टॉप (पुढच्या हाताला टेकायचा अडसर) अशा जागी की स्लिंगनं रायफल तोललेली राहील आणि डावा हात नुसता आधाराला असेल. एकेक गोष्ट बदला आणि बदलल्यावर निदान आठवडाभर तसंच मारू द्या. शरीराला नवी जागा ओळखीची व्हायला वेळ लागतो. स्टॉकच्या पट्ट्यांवर मिलिमीटरच्या खुणा नसतील तर स्टीलची पट्टी लावून मापं लिहून घ्या. वाढत्या वयाच्या मुलांची ही मापं दर काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागतात, शाळेच्या गणवेशासारखी.

या सगळ्याची एक वही हवी. तारीख, लॉट, दोन्ही स्क्रूंचा टॉर्क, सफाईनंतर किती शॉट झाले, तापमान, ग्रुप. एका वेळी एकच रकाना बदलायचा. लॉट आणि टॉर्क एकाच सकाळी बदलले तर त्या दिवसाच्या गोळ्या वाया गेल्या असं समजा.

आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा. लाकडी स्टॉक दमट हवेत फुगतो आणि मेमध्ये साडेचार न्यूटन-मीटरला बसवलेला स्क्रू जुलैत तपासला तर आकडा सरकलेला मिळतो. कोल्हापूर, रत्नागिरी, मुंबईकडे हे जास्तच. जून लागला की दर आठवड्याला टॉर्क तपासा आणि लॉटची चाचणी ऑक्टोबरनंतरच घ्या. रायफल रेंजवरून भिजट हवेतून आणली की बंद केसमध्ये फोमवर ठेवायची नाही. फोम ओल धरून बसतो. बाहेर काढा, बोल्ट काढा, नळीतून कोरडा पॅच, मग तेलाचा हलका पॅच, आणि रात्रभर कपाटात सिलिका जेलसोबत उभी, कुलपात. सकाळी रेंजवर जाण्याआधी नळीतलं तेल कोरड्या पॅचनं पुसून काढायला विसरू नका.